पाळीव उंदीर कुठून आणावा: दुकान, दत्तक आणि त्यामधल्या वाटा

माझे पहिले उंदीर मी दुकानातून आणले. दोन माद्या, सहा आठवड्यांच्या, असं विक्रेत्यानं सांगितलं होतं. एक राखाडी आणि दुसरी पांढरी, पण डोक्यावरून खांद्यांपर्यंत काळी टोपी ओढल्यासारखी. एकोणिसाव्या दिवशी सकाळी टोपीवाली व्यालेली दिसली. कागदाच्या चिंध्यांत अकरा पिल्लं होती, केस नसलेली, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. उंदराच्या मादीचा गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, म्हणजे ती माझ्या घरी आली तेव्हाच गाभण होती. राखाडीचा श्वास पहिल्या आठवड्यापासूनच घरघरत होता.

मी दुकानात गेलो. माझं ऐकून घेऊन तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "पिल्लांसकट आणून द्या, दुसरी जोडी देतो." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण ज्या काचेच्या पेटीतून मी त्या दोघींना नेलं होतं तीच त्याच्या मागे होती आणि तीत तेवढेच, त्याच आकाराचे नवे उंदीर होते. मी दोन जीव 'बाहेर काढले' असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी दोन जागा मोकळ्या केल्या होत्या आणि त्या आठवड्याच्या आत भरल्या होत्या.

त्यानंतर मी अकरा पिल्लांसाठी घरं शोधली, म्हणजे दत्तक देणाऱ्याच्या बाजूनं सगळं पाहिलं. पुढे स्वतः चार उंदीर दत्तक घेतले. तिन्ही बाजूंनी पाहून जे कळलं ते इथे क्रमानं लिहितो आहे.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत 'उंदीर' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना चालतो. मी लिहितो आहे ते रॅटबद्दल, म्हणजे तळहातावर न मावणाऱ्या, पाव ते अर्धा किलोपर्यंत भरणाऱ्या मोठ्या पाळीव उंदराबद्दल. छोटे पांढरे माऊस वेगळे, त्यांच्या गरजाही वेगळ्या. पाळीव रॅट हा तपकिरी रानटी उंदराचा वंशज असला तरी पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये मेरी डग्लस यांनी उंदीर-प्रदर्शनात रॅटसाठी वेगळा वर्ग मिळवला, तेव्हापासून हा रीतसर छंद आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की हा प्राणी बाहेर सोडून दिला तर जगत नाही. 'नाही जमलं तर सोडून देऊ' हा पर्याय डोक्यातून आत्ताच काढून टाका.

## १. आधी चार गोष्टी ठरवा

कायदा. तुमच्या भागात उंदीर पाळायला परवानगी आहे का ते बघा. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात १९५० पासून उंदीर-नियंत्रण मोहीम चालू आहे आणि तिथे पाळीव उंदीर ठेवणंही बेकायदा आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. दत्तक मागायला गेलात की हा प्रश्न येतोच.

संख्या. किमान दोन, एकाच लिंगाचे. एकटा उंदीर माणसाच्या सोबतीवर भागवतो ही समजूत चुकीची आहे. शिकागोतल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नळीत कोंडलेल्या सोबत्याला दुसरा उंदीर दार उघडून सोडवत होता. शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवलं तरी तो दोन्ही नळ्या उघडायचा आणि बरेचदा चॉकलेट वाटून खायचा. अशा प्राण्याला एकटं ठेवणं म्हणजे दिवसाचे बावीस तास त्याला बोलायला कुणी नसणं.

काळ. आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. हे थोडं वाटतं, पण त्यातलं शेवटचं वर्ष बहुतेक वेळा औषधपाण्याचं असतं.

डॉक्टर. उंदीर आणायच्या आधी डॉक्टर शोधा. प्रत्येक पशुवैद्य उंदरांवर उपचार करत नाही. फोन करून सरळ विचारा: "तुम्ही रॅट बघता का? त्यांना भूल देऊन शस्त्रक्रिया करता का?" उंदराला उलटी होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला कुत्र्यामांजरासारखं उपाशी ठेवत नाहीत. 'आदल्या रात्रीपासून काही देऊ नका' असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

## २. दुकानामागे काय असतं ते समजून घ्या

दुकानदार वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. कितीतरी दुकानांत काम करणारी तरुण मुलं प्राण्यांवर जीव लावणारी असतात. अडचण व्यवहाराच्या रचनेत आहे.

उंदराची मादी पाच-सहा आठवड्यांत वयात येते. दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, एका वेळी आठ-बारा किंवा त्याहून जास्त पिल्लं देते आणि व्याल्यावर चोवीस तासांच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. नर तिच्याजवळ ठेवला की पिल्लांचा पुरवठा आपोआप चालू राहतो. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर पैदास करणाऱ्याला एक उंदीर जवळजवळ काहीच खर्च न पडता मिळतो, आणि ज्याची किंमतच नाही त्याच्या उपचारावर कुणी खर्च करत नाही. आजारी उंदीर डॉक्टरकडे नेण्यापेक्षा नवा आणणं स्वस्त पडतं. बाकीचं सगळं यातून येतं: नर-माद्या वेळेवर वेगळ्या न करणं, पिल्लं आईपासून लवकर तोडणं, दाटीवाटीनं वाहतूक, पहिल्या पाच आठवड्यांत माणसाच्या हाताचा स्पर्शही न होणं.

बऱ्याच ठिकाणी पाळण्यासाठी आणि सापांच्या खाद्यासाठी उंदीर एकाच शेडमधून येतात. खाद्यासाठीची पैदास झटपट वाढीकडे बघून होते. आजी-आजोबा कशानं गेले, स्वभाव कसा होता, श्वसनाचे विकार होते का, याची नोंद कुणी ठेवत नाही.

कायद्याकडूनही फारशी आशा नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून दुकानांना कुत्री, मांजरं आणि ससे निवारा-संस्थांकडूनच घेऊन द्यावे लागत, २०२१ पासून तर ते विकायलाच बंदी आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून दुकानांना कुत्र्या-मांजरांची लहान पिल्लं विकता येत नाहीत. फ्रान्समध्ये २०२४ पासून दुकानात कुत्री-मांजरं विकायला बंदी आहे. या तिन्ही कायद्यांत उंदीर नाही. म्हणून इथे विकत घेणाऱ्याच्या निर्णयाला वजन आहे. दुकानदार पुढची मागणी किती नोंदवायची ते मागच्या आठवड्यात किती विकले गेले त्यावरून ठरवतो.

सापळा: 'मी सोडवून आणलं'. कोपऱ्यात दबलेलं, नाकाशी लाल डाग असलेलं पिल्लू बघितलं की हात खिशाकडे जातोच. मी हे दोनदा केलं आहे, त्यामुळे त्या क्षणाची ओढ मला ठाऊक आहे. त्या एका पिल्लाचं भलं होतं, हे खरंच आहे. पण दुकानाच्या वहीत ती एक विक्रीच असते, आणि तीही आजारी प्राण्याची. म्हणजे आजारी प्राणीही खपतो, असा निरोप जातो. असं पिल्लू दिसलं तर विक्रेत्याला सांगा, पाणी किंवा उपचार नसतील तर फोटो आणि तारीख नोंदवून प्राणी-कल्याण यंत्रणेकडे तक्रार करा. दुकानाकडून ते पिल्लू विनामूल्य ताब्यात घ्यायला एखादी संस्था तयार होते का, तेही विचारा. हा रस्ता हळू चालतो आणि कधीकधी पिल्लू तोवर राहत नाही. तरीही माझं मत असंच आहे की पैसे देऊ नयेत.

आणि तुम्ही दुकानातून आधीच आणले असतील तर अपराधीपणात अडकू नका. त्या उंदरांचा यात काही दोष नाही. त्यांना उत्तम वाढवा आणि पुढची खेप दत्तक घ्या.

## ३. दत्तक कुठून मिळतात

दत्तक म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं, पण उंदीर चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि प्रत्येक वाटेचे प्रश्न वेगळे.

प्राणी-निवारे आणि उंदरांसाठीच काम करणारे गट. इथे वय, लिंग, तब्येत तपासलेली असते. कुत्र्यामांजरांच्या निवाऱ्यातही 'लहान प्राणी' असा कोपरा असतो, पण त्याची जाहिरात होत नाही. फोन करून विचारावं लागतं.

चुकून झालेली पिल्लं. माझ्या टोपीवालीसारखी. देणारा बहुतेक वेळा गांगरलेला, प्रामाणिक नवखा माणूस असतो. त्याला दोन गोष्टी विचारा: पिल्लं कोणत्या तारखेला जन्मली आणि नर-माद्या कोणत्या तारखेला वेगळ्या केल्या. साडेचार ते पाच आठवड्यांच्या आत वेगळ्या केल्या नसतील तर तुम्ही घेणारी मादी गाभण असू शकते. मी पिल्लं पाचव्या आठवड्याच्या तोंडावर वेगळी केली, सहा नर आणि पाच माद्या, आणि त्या दिवशीही धाकधूक होती.

एकाच घरातून मोठ्या संख्येनं सुटका झालेले. दोनाचे शंभर झालेली घरं असतात. असे उंदीर आधी बुजरे असतात, आणि माद्या गाभण असण्याची शक्यता धरूनच चालायचं. संस्था अशा माद्यांना तीन आठवडे ठेवून मगच देत असेल तर ती संस्था चांगली आहे असं समजा.

प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात प्रयोगातले प्राणी अटी पाळून घरी देण्याची मुभा आहे. हे उंदीर बहुधा पांढरे, लाल डोळ्यांचे असतात. त्यांची नजर अधू असते, म्हणून ते डोकं डावी-उजवीकडे डोलवत अंतराचा अंदाज घेतात. तो आजार नाही. स्वभावानं हे सहसा फार मवाळ निघतात. एक मोठी काळजी मात्र आहे. ते जंतूंपासून जपलेल्या जागेत वाढलेले असतात. घरगुती उंदरांच्या अंगात सर्रास असणारे श्वसनाचे जंतू त्यांच्या शरीराला ठाऊकच नसतात. तुमच्या जुन्या उंदरांत त्यांना मिसळलंत तर ते गंभीर आजारी पडू शकतात. अशी जोडी घ्यायची तर तिला वेगळं घर द्या.

परत केलेले प्रौढ. यांच्याबद्दल मला खास सांगायचं आहे, कारण यांना सगळ्यात कमी घरं मिळतात. 'मोठा उंदीर माणसाळत नाही' हा गैरसमज आहे. माझ्या चार दत्तकांपैकी दोघे दीड वर्षांचे नर होते. पहिले नऊ दिवस त्यांनी हातातून काही घेतलं नाही. दहाव्या दिवशी एकानं चमचा चाटला, आणि महिन्याभरात दोघेही संध्याकाळी माझ्या स्वेटरच्या बाहीत झोपायला लागले. प्रौढ घेतला की स्वभाव आधीच दिसतो, लिंगाबद्दल शंका राहत नाही आणि पिल्लांसारखं सगळं कुरतडणंही कमी असतं.

सापळा: 'दत्तक' नावाखाली विक्री. प्रत्येक वेळी वेगवेगळ्या वयांची पिल्लं हजर, रंगांची यादी, 'ठरावीक देणगी' आणि एकही प्रश्न न विचारता ताबा. हा पैदास करणारा आहे, शब्द तेवढा बदललेला. उलट काही दुकानं संस्थेचे उंदीर आपल्या जागेत ठेवतात. तिथे पैसे कुणाला जातात आणि करार कुणाशी होतो हे विचारलं की सगळं स्पष्ट होतं.

## ४. ब्रीडरकडून घ्यावा का?

थोडक्यात लिहितो, कारण नवख्याला याची गरज क्वचित पडते. ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, चांगलाही असतो. त्याच्याकडे पिल्लं कायम नसतात, थांबावं लागतं. मागच्या पिढ्या किती जगल्या आणि कशानं गेल्या ते तो सांगू शकतो. एकटा उंदीर देत नाही, आणि काहीही झालं तर उंदीर परत घेण्याचं लिहून देतो. तो तुम्हाला जेवढे प्रश्न विचारतो त्याहून कमी तुम्हाला त्याला विचारायला सुचतात. नुसत्या दिसण्यासाठी केलेल्या जाती मात्र टाळा. उंदीर शेपटीवाटे अंगातली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे बिनशेपटीच्या उंदराला उकाडा जास्त बाधतो आणि कण्याचे दोषही दिसतात. केस नसलेल्यांची त्वचा सहज दुखावते.

## ५. कागदपत्रं आणि सामान

संस्था साधारण हे मागते:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती
- मांडून ठेवलेल्या पिंजऱ्याचा फोटो, लांबी-रुंदी-उंचीसह
- पशुवैद्याचं नाव आणि दवाखान्याचा फोन
- घरात कुत्रं, मांजर किंवा इतर प्राणी असतील तर त्यांची माहिती
- तुम्ही प्रवासाला गेलात तर उंदरांचं कोण बघणार, त्याचं नाव

हे सगळं बघून चिडू नका. मी पिल्लांसाठी पहिली जाहिरात 'चांगल्या घरी, विनामूल्य' अशी दिली होती. पहिलाच फोन आला त्या माणसाला अकराच्या अकरा हवी होती. रंग विचारला नाही, वजन विचारलं. अजगरासाठी हवी आहेत हे मी विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं. त्या दिवसापासून मी अर्ज भरून घेतला आणि थोडं शुल्क ठेवलं. तुमच्यापुढे येणारा लांबलचक अर्ज अशाच कुठल्या तरी फोनमधून जन्मलेला असतो.

संस्थेकडून तुम्ही काय मागायचं: दत्तक-करार, ज्यात 'सांभाळणं अशक्य झाल्यास उंदीर परत घेऊ' हे कलम असावं. अंदाजे वय, आजवरचे आजार आणि औषधं, खच्चीकरण झालं असल्यास त्याची तारीख, आणि सध्या खातात त्या खाद्याचं नाव.

उंदीर येण्याआधी घरात लागणारं सामान:

- तारेचा, हवा खेळणारा पिंजरा. प्रत्येक उंदरामागे किमान साठ लिटर जागा धरा, जास्त असेल तर उत्तम. पिल्लांसाठी तारांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. काचेच्या टाकीत मुताचा अमोनिया साचतो आणि फुप्फुसं खराब होतात.
- तळ भरीव हवा. जाळीच्या तळानं पायांना फोड येऊन चिघळतात.
- कागदापासून बनवलेला अंथर. देवदार आणि पाइनचा वासाळ भुसा नको, त्यातली द्रव्यं श्वसनाला आणि यकृताला त्रास देतात.
- लपायची दोन तरी घरं, कापडी झोळ्या, चढायला दोर
- उंदरांसाठी तयार केलेलं गोळी-खाद्य. बिया-दाण्यांच्या मिश्रणातून ते आवडीचं तेवढं वेचून खातात.
- वाहून नेण्याची पक्की पेटी, आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. वजन उतरणं ही आजाराची फार लवकर कळणारी खूण आहे.

## ६. भेटीच्या दिवशी काय बघायचं

घाई न करता बसा. उंदराला हातात घेऊन त्याच्या पाठीला कान लावा. शांतता हवी. कुरकुर, शीळ, घरघर ऐकू आली तर छातीत दोष आहे. बहुतेक सगळ्या पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतोच, प्रश्न तो डोकं वर काढतो आहे का एवढाच असतो. नव्या जागेत पहिले काही दिवस थोडं शिंकणं चालतं. उंदीर नाकानंच श्वास घेतो, त्यामुळे तोंड उघडून श्वास घेणारा उंदीर दिसला तर त्याच क्षणी डॉक्टर गाठायचा.

डोळ्यांच्या किंवा नाकाच्या कडेला लाल डाग दिसला तर ते रक्त नसतं. पॉर्फिरिन नावाचा तो स्राव आहे. थोडासा असेल तर ताण, सतत असेल तर आजार. दात पिवळे-नारिंगी असणं निरोगीपणाचं लक्षण आहे. मान एका बाजूला कललेली, केस उभे, पाठीला कुबड, अंगावर खपल्या या गोष्टी दिसल्या तर विचारा. दत्तक-संस्थेत आजारी उंदीर असणं हा दोष नाही, पण आजाराचं नाव आणि चालू औषध त्यांना सांगता आलं पाहिजे.

लिंग स्वतः तपासायला शिका, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. मादीच्या पोटावर सहा जोड्या सड असतात, नराला सडच नसतात. नराचे अंडकोष चार-पाच आठवड्यांपासून स्पष्ट दिसतात, मात्र थंडीत किंवा भीतीनं तो ते आत ओढून घेतो. मला दुकानात हे माहीत असतं तर त्या पेटीत नर आणि माद्या एकत्र आहेत हे मी तिथेच ओळखलं असतं.

उंदराला शेपटीनं उचलणाऱ्या माणसाकडून काही घेऊ नका, मग ते दुकान असो की संस्था.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरशी बोला. उंदराच्या चाव्यातून किंवा मुतातून माणसाला काही आजार होऊ शकतात. २०१७ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात घरगुती पैदास करणाऱ्यांच्या उंदरांमधून 'सोल' नावाच्या विषाणूचा संसर्ग माणसांपर्यंत पोचला होता. यातून घाबरून जायचं नाही. हात धुवायचे, पिंजरा स्वयंपाकघरात धुवायचा नाही, आणि उंदीर कुठून आले याचा माग असलेल्या ठिकाणाहून घ्यायचे.

## ७. घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे

घरात आधीचे उंदीर असतील तर नव्यांना दोन ते तीन आठवडे वेगळं ठेवा. वेगळ्या पिंजऱ्यानं भागत नाही, हवाच वेगळी हवी. शक्य असेल तर वेगळ्या घरात, मित्राकडे. जुन्यांना आधी हाताळा, मग नव्यांना, मध्ये हात धुऊन कपडे बदला. हा नियम मी एकदा चार दिवसांवर आणला आणि घरातल्या तीन जुन्या उंदरांना महिनाभर प्रतिजैविकं द्यावी लागली.

ओळख करून देताना दोघांनाही परक्या वाटणाऱ्या जागी बसवा, आणि पहिल्याच दिवशी पिंजरा एक करू नका. एकमेकांना उताणं पाडणं, चिरकणं हे चालायचंच. केस फुगवून, अंग तिरकं करून चाल करून येणारा उंदीर मात्र गंभीर भांडणाच्या तयारीत असतो. मध्ये हात घालू नका, टॉवेल टाका. एखादा नर वयात आल्यावर सतत असं करत असेल तर खच्चीकरणाबद्दल डॉक्टरशी बोला.

घरात आधीचे उंदीर नसतील तर नव्यांना पहिले दोन दिवस लपू द्या. तुम्ही जवळ बसून हळू आवाजात काहीतरी वाचत राहा. आनंदात आले की उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही, पण डोळे आत-बाहेर हलवत दातांवर दात घासणं आपल्याला दिसतं. ते दिसलं की समजा, घर लागलं.

माद्या असतील तर दर आठवड्याला बोटांनी बगल आणि पोट चाचपा. स्तनांच्या गाठी त्यांच्यात खूप दिसतात. बहुतेक साध्या असतात आणि लहान असताना काढता येतात. लहान वयातच अंडाशय काढले तर अशा गाठींचा धोका बराच कमी होतो, त्यामुळे संस्थेनं ते करून दिलेलं असेल तर शुल्काबद्दल घासाघीस करू नका. एका शस्त्रक्रियेचा खर्च दुकानातल्या उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

## ८. जोडीतला एक गेला की

हे आत्ताच लिहितो आहे, कारण ती वेळ आली की डोकं चालत नाही. दोघे सहसा एकदम जात नाहीत. राहिलेला एकटा पडतो, म्हणून आपण धावत दुकानात जाऊन एक पिल्लू आणतो. ते दीड वर्षानं एकटं पडतं, मग पुन्हा एक. माझ्या ओळखीत कितीतरी चांगली माणसं याच कारणानं दुकानाची कायमची गिऱ्हाईक झाली आहेत.

दत्तक दिलेल्या संस्थेला फोन करा. त्यांच्याकडेही जोडीदार गमावलेला, साधारण त्याच वयाचा एखादा म्हातारा असतो. तो कायमचा घ्या, किंवा 'सांभाळायला' घ्या, म्हणजे मालकी आणि औषधांचा खर्च संस्थेकडे राहतो. पुढे उंदीर पाळायचेच नसतील तर तुमचा म्हातारा त्यांच्याकडच्या एखाद्या शांत जोडीत सोडता येतो का ते विचारा. राखाडी गेली तेव्हा टोपीवाली दोन वर्षांची होती. मी तिला कुणाकडे दिली नाही. संस्थेकडून दोन वर्षांचीच, एका डोळ्यानं आंधळी असलेली एक मादी सांभाळायला आणली. तीन आठवड्यांचं विलगीकरण, मग न्हाणीघरात ओळख, अर्धा तास फुरफुर, आणि चौथ्या दिवशी दोघी एकाच झोळीत झोपलेल्या सापडल्या.